पडणे आणि आदळणे

चंडीगड शहराचा नकाशा प्रथमच पाहणाऱ्यास बुद्धिबळाच्या पटाची आठवण व्हावी, अशी त्याची रचना आहे. ईशान्येस शिवालिकच्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी १९५८ साली ओढ्याला बांध घालून निर्माण केलेले सुखना सरोवर, आणि त्याच्या पुढे सरळ रेषांनी आखलेली सेक्टरांची घरे. सर्वसाधारण सेक्टर सुमारे १,२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद. या शहरातील पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास संगणकावरचा एक खेळ तयार करण्याची हौस वाटली, असे समजावे. खेळ तसा साधाच आहे. एका सायकलस्वाराने सेक्टर १२ मधून निघून सेक्टर १७ च्या बाजारपेठेपर्यंत पोहोचावयाचे. वाटेत मोटारी, रिक्षा, हातगाड्या आणि मुलांचे चेंडू आहेत. त्यांना चुकवावयाचे, प्रसंगी सायकलीसह भिंतीवरून उडी मारावयाची, आणि धक्का न लागता मुक्काम गाठावयाचा.

विद्यार्थी शहराचे चित्र काढतो, भिंती उभ्या करतो, स्वारास सायकलीवर बसवितो आणि खेळ सुरू करतो. तोच त्याच्या ध्यानात येते की, उडी मारून वर गेलेला स्वार खाली येतच नाही. तो त्रिशंकूसारखा अधांतरी जाऊ लागतो. दुसऱ्या खेपेस तो समोरून येणाऱ्या मोटारीच्या आरपार, धुक्यातून जावे तसा निघून जातो. पृथ्वीवर वस्तूने पडावे यासाठी कोणास आज्ञा द्यावी लागत नाही, आणि दोन घन वस्तूंनी एकाच जागी राहू नये याचीही तजवीज करावी लागत नाही. पडद्यावरच्या सृष्टीत मात्र पडणे नाही आणि आदळणेही नाही. तेथील प्रत्येक नियम कोणी तरी लिहावा, तेव्हा तो अस्तित्वात येतो. प्रतिसृष्टी निर्माण करावयास निघालेल्या विश्वामित्राची ही अडचण आज हजारो तरुणांच्या वाट्यास आली आहे.

निसर्गाचा नियम शोधावा लागतो. खेळाचा नियम करावा लागतो. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असून ती जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, असे सांगितले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा १२०७ सालचा शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. पुढे न्यूटनने १६८७ साली या आकर्षणाचा नियम गणिताच्या भाषेत बांधला. परंतु भास्कराचार्य काय किंवा न्यूटन काय, दोघेही आधीपासून अस्तित्वात असलेल्या सत्तेचे वाचक होते. खेळाचा कर्ता हा वाचक नव्हे. तो कायदा करणारा आहे. आणि कायदा करणाऱ्यावर जी बंधने येतात, ती त्याच्यावरही येतात. कायदा सर्वांना सारखा असावा, त्याचा परिणाम आधी ओळखता यावा, आणि हाताशी असलेल्या साधनांनी त्याची अंमलबजावणी करता यावी.

यांपैकी शेवटचे बंधन पहिल्या खेळकर्त्यांनाच जाणवले होते. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून, एका लहानशा वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. त्यात जमीन म्हणजे एक आडवी रेघ, जाळे म्हणजे एक उभी रेघ आणि चेंडू म्हणजे प्रकाशाचा ठिपका. पण तो ठिपका वाकड्या कमानीने खाली येई, जमिनीवर आपटून उसळे आणि जाळ्याला अडखळे. पुढच्या वर्षी तोच खेळ चंद्राच्या किंवा गुरू ग्रहाच्या आकर्षणाखाली खेळण्याची सोयही करण्यात आली. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्राच्या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनी दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. पडद्याच्या मध्यभागी एक तारा होता आणि तो यानांना आपल्याकडे ओढीत असे. मात्र यानांतून सुटणाऱ्या अस्त्रांवर या ताऱ्याचा काही परिणाम होत नसे; कारण त्या काळच्या संगणकास एवढ्या साऱ्या वस्तूंचे आकर्षण वेळेत मोजणे झेपण्यासारखे नव्हते. कायद्यातून काहींना सूट देण्याची प्रथा खेळांच्या जगात अशी प्रारंभापासूनच आली.

आता आपल्या सायकलस्वाराकडे वळावे. त्याला खाली आणावयाचे तर संगणकाने नेमके काय करावे? प्रत्यक्ष जगात काळ अखंड वाहतो. संगणक काळाचे तुकडे करतो. पडद्यावरचे चित्र बहुधा सेकंदात ६० वेळा नव्याने काढले जाते. म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला साडेसोळा मिलिसेकंदांहून किंचित अधिक अवधी येतो. या प्रत्येक तुकड्यात दोन लहान कामे करावयाची असतात. गुरुत्वाकर्षणामुळे वेगात जेवढा बदल व्हावयाचा तेवढा करावयाचा, आणि त्या वेगाने वस्तू जेवढी सरकेल तेवढी ती सरकवावयाची. मोठी वाट लहान लहान सरळ पावलांनी चालण्याची ही रीत ऑयलर या गणितज्ञाने १७६८ साली आपल्या ग्रंथात मांडली. ती इतकी सोपी आहे की, शाळेतील मुलासही पाटीवर करून पाहता येईल.

परंतु या सोप्या रीतीत एक मेख आहे. ही दोन कामे कोणत्या क्रमाने करावयाची? आधी जागा बदलून मग वेग बदलला, तर पडद्यावरचा झोपाळा कोणी धक्का न देता प्रत्येक झोक्यास अधिकाधिक उंच जाऊ लागतो. आधी वेग बदलून त्या नव्या वेगाने जागा बदलली, तर तो आवरलेला राहतो. दोन ओळींची अदलाबदल, पण एका क्रमाने शून्यातून शक्ती निर्माण होते आणि दुसऱ्या क्रमाने सृष्टीचा हिशेब जवळजवळ जमतो. म्हणून जाणते खेळकर्ते दुसरा क्रम पसंत करतात.

तरीही ‘जवळजवळ’ हा शब्द उरतोच, आणि त्यातून न्यायाचा प्रश्न उभा राहतो. गुरुत्वाकर्षणाचे त्वरण सोयीसाठी १० धरावे, आणि स्वाराने सेकंदास १० मीटर वेगाने सरळ वर उडी घेतली असे मानावे. गणिताप्रमाणे तो बरोबर ५ मीटर उंच गेला पाहिजे. आता एखाद्या जुन्या, मंद संगणकावर सेकंदाचे १० च तुकडे होत असतील, तर वेग ९, ८, ७ असा उतरत जाईल आणि सर्व पावलांची बेरीज साडेचार मीटर भरेल. दुसऱ्या वेगवान संगणकावर सेकंदाचे १०० तुकडे होत असतील, तर तीच उडी ४.९५ मीटर भरेल. वाटेतील भिंत ४.७ मीटर उंच असली, म्हणजे वेगवान यंत्राचा मालक ती ओलांडील आणि मंद यंत्राचा मालक कितीही कौशल्य दाखवून तिच्यावर आपटेल. एकाच खेळात श्रीमंताचे गुरुत्वाकर्षण वेगळे आणि गरिबाचे वेगळे! जुन्या घरगुती संगणकांच्या काळी हा अन्याय उलट्या दिशेनेही होत असे. मंद यंत्रासाठी लिहिलेला खेळ वेगवान यंत्रावर चढविला की, त्यातील सारी पात्रे पिसाटल्यासारखी धावू लागत. आणि यंत्राची गती मुद्दाम कमी करता यावी म्हणून अनेक संगणकांच्या पेटीवर एक स्वतंत्र बटण बसविलेले असे.

यावर जो उपाय रूढ झाला, तो कोणाही दूधवाल्यास सहज कळावा असा आहे. काळाचे माप एकदाच ठरवून टाकावयाचे. उदाहरणार्थ, सेकंदाचा साठावा भाग. घड्याळाप्रमाणे जेवढा वेळ गेला असेल तेवढा एका भांड्यात ओतावयाचा. भांड्यातून एक पूर्ण माप निघत असेल तर एक पाऊल टाकावयाचे. दोन निघत असतील तर दोन. माप पुरे भरत नसेल, तर उरलेला वेळ पुढील खेपेसाठी भांड्यातच ठेवावयाचा. मग यंत्र मंद असो वा वेगवान, स्वाराची उडी सर्वत्र सारखीच भरते. तिच्यात अल्पशी चूक राहील, परंतु ती चूक सर्वांच्या वाट्यास सारखी येईल. यंत्र फारच मंद असेल, तर साचलेला वेळ फेडता फेडता आणखी वेळ साचतो आणि कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढणाऱ्या माणसाप्रमाणे त्याची अवस्था होते. म्हणून एका खेपेस किती मापे फेडावयाची याला मर्यादा घालतात, आणि खेळ संथ झाला तरी चालेल, पण कायदा बदलता कामा नये, असे धोरण ठेवतात.

कायदा सर्वांस सारखा झाला, म्हणजे तो निसर्गाच्या कायद्याशी तंतोतंत जुळावा असा आग्रह राहत नाही. खेळातील बहुतेक नायक पृथ्वीवर राहत नाहीत, असेच म्हणावे लागेल. स्वाराने ४ मीटर उंच जावे आणि तेथवर पोहोचावयास त्याला ०.४ सेकंदच लागावेत, अशी खेळकर्त्याची इच्छा असेल, तर साध्या समीकरणावरून त्वरण ५० निघते. म्हणजे पृथ्वीच्या सुमारे पाचपट. पृथ्वीचेच आकर्षण ठेवले, तर तो फुग्यासारखा तरंगत वर जाईल आणि खेळणाऱ्याचा जीव कंटाळेल. १९८५ साली जपानमध्ये निघालेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या प्रसिद्ध खेळात तर बटण दाबून धरलेले असेपर्यंत वर जाणाऱ्या नायकावरील आकर्षण सौम्य ठेवले जाते. त्यामुळे उडी किती उंच घ्यावयाची, हे हवेत असतानाही ठरविता येते. निसर्गात अशी सवलत कोणास मिळत नाही. परंतु ती सर्वांस सारखी मिळते आणि दोन-चार उड्यांत अंगवळणी पडते, म्हणून कोणाचीही तक्रार नाही.

पडण्याचा प्रश्न असा सुटला. आदळण्याचा प्रश्न त्याहून बिकट आहे. पडताना वस्तू एकटी असते, आदळताना दोघी असतात, आणि कोणत्या दोघी ते आधी ठाऊक नसते. १०० वस्तू असतील, तर प्रत्येकीची प्रत्येकीशी गाठ घालून पाहण्यास ४,९५० जोड्या तपासाव्या लागतात. १,००० वस्तू झाल्या की जोड्यांची संख्या ४,९९,५०० होते. आणि ही सारी तपासणी सेकंदातून ६० वेळा. वस्तू दसपट झाल्या, तर काम शतपट वाढते. येथे विद्यार्थ्याने खिडकीतून बाहेर पाहावे. या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शहरानेच दिलेले आहे.

फाळणीनंतर पंजाबला नवी राजधानी हवी होती. प्रथम अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोव्हिकी या वास्तुविशारदांकडे नगररचनेचे काम होते. पण ऑगस्ट १९५० मध्ये नोव्हिकी इजिप्तमधील विमान अपघातात मृत्यू पावला. पी. एन. थापर हे प्रशासक आणि पी. एल. वर्मा हे मुख्य अभियंता युरोपात गेले, आणि १९५१ च्या प्रारंभी ल कॉर्बुझिए चंडीगडच्या जागेवर येऊन दाखल झाला. त्याने रस्त्यांचे सात वर्ग केले. पहिला वर्ग बाहेरगावांस जोडणाऱ्या महामार्गांचा, दुसरा शहरातील मुख्य मार्गांचा. तिसऱ्या वर्गाचे वेगवान रस्ते सेक्टरांच्या भोवतीने जातात, आणि त्यांच्यावर कोणत्याही घराचे दार उघडू नये असा दंडक होता. चौथा सेक्टरातील बाजाराचा वळणदार रस्ता, पाचवा आणि सहावा घरांपर्यंत पोहोचविणारे, आणि सातवा हिरवळीतून जाणाऱ्या पाऊलवाटांचा. मुलाने शाळेत जाताना वेगवान रस्ता ओलांडण्याचा प्रसंग शक्यतो येऊ नये, हा या व्यवस्थेचा गाभा होता. ज्यांची गाठ पडण्याचे कारण नाही, त्यांची गाठ पडूच द्यावयाची नाही, ही टक्कर टाळण्याची सर्वांत स्वस्त युक्ती होय.

खेळकर्ता हेच करतो. तो आपली सृष्टी चौकोनी सेक्टरांत विभागतो आणि प्रत्येक वस्तूची नोंद ती ज्या सेक्टरात असेल त्याच्या खात्यावर करतो. सेक्टर २२ मधील रिक्षा सेक्टर ८ मधील चेंडूवर आदळेल काय, हे विचारण्याचीही मग गरज उरत नाही. १,००० वस्तू ५० सेक्टरांत सारख्या विखुरल्या, तर प्रत्येकात २० येतील. २० वस्तूंच्या जोड्या १९०, आणि ५० सेक्टरांच्या मिळून ९,५००. पाच लाखांचे काम दहा हजारांच्या आत आले. सीमेवर असलेल्या वस्तूंसाठी शेजारच्या सेक्टरातही डोकवावे लागते, तेवढी भर पडते. अर्थात सणाच्या संध्याकाळी सारे शहर एकाच बाजारात लोटावे तशी गर्दी एका घरात झाली, तर ही युक्ती लंगडी पडते. मग त्या घराचे चार भाग करावयाचे, त्यांतील दाट भागाचे पुन्हा चार करावयाचे. १९७४ साली फिंकेल आणि बेंटली या दोघांनी अशा चौपट विभागणीचा वृक्ष शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. चंडीगडच्या वर्तुळाकार चौकांवरही वाहने वाढली, तेव्हा अनेक ठिकाणी दिवे बसवावे लागलेच. कोणतीही रचना गर्दीपुढे कायमची पुरी पडत नाही.

संशयित जोड्या अशा निवडून काढल्यावर, त्या खरोखर टेकल्या आहेत काय हे ठरवावयाचे. सायकलस्वाराचे हात, पाय, चाके आणि आरे यांची बारीक आकृती तपासणे फार महाग पडते. म्हणून त्याच्याभोवती एक अदृश्य वर्तुळ किंवा चौकट कल्पितात. दोन वर्तुळांच्या मध्यांतील अंतर त्यांच्या त्रिज्यांच्या बेरजेहून कमी झाले की टक्कर झाली. आणि वर्गमूळ काढण्याचा त्रास नको म्हणून अंतराचे वर्गच ताडून पाहतात. या अदृश्य चौकटीत खेळकर्त्याची न्यायबुद्धी दिसून येते. शत्रूची चौकट तो चित्राहून किंचित लहान ठेवतो. त्यामुळे स्वाराच्या टोपीस मोटार निसटती घासली, तर ती टक्कर मानली जात नाही. भिंतीच्या कडेवरून पाय सुटल्यानंतर क्षणभराने उडीचे बटण दाबले, तरी अनेक खेळांत ती उडी मान्य होते. न्यायालयात आरोपीस मिळतो तो संशयाचा फायदा येथे खेळणाऱ्यास मिळतो. हरल्यावरही त्याला ‘चूक माझीच’ असे वाटले पाहिजे. ‘यंत्राने मला फसविले’ असे एकदा वाटले, की तो खेळ पुन्हा हाती धरीत नाही.

अशी फसवणूक होण्याची एक जागा फारच गंमतीची आहे. सेक्टर १६ च्या मैदानाचे नाव क्रिकेटच्या चाहत्यांस सांगावयास नको. कपिल देव या चंडीगडच्याच खेळाडूचा पाया तेथे घातला गेला. तेथे एखाद्या गोलंदाजाने ताशी १४४ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला, तर तो सेकंदास ४० मीटर जातो. सेकंदाच्या साठाव्या भागात तो सुमारे ६७ सेंटीमीटर पुढे सरकेल. बॅटची जाडी मात्र काही सेंटीमीटरच. पडद्यावर एका चित्रात चेंडू बॅटच्या अलीकडे असेल आणि पुढच्या चित्रात पलीकडे. दोन्ही वेळा तपासणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगावे की, चेंडू बॅटला टेकलेला नाही; आणि तरीही चेंडू बॅटमधून आरपार गेलेला! पहारेकऱ्याने डोळ्याची पापणी मिटावी आणि तेवढ्यात चोराने उंबरठा ओलांडावा, तसा हा प्रकार आहे. यास्तव वेगवान वस्तूंच्या बाबतीत ती कोठे आहे एवढेच पाहून भागत नाही. ती कोणत्या वाटेने आली, ती संपूर्ण वाट तपासावी लागते आणि त्या वाटेवर पहिला स्पर्श कोणत्या क्षणी झाला, ते काढावे लागते.

दोन्ही वस्तू हलत्या असल्या, म्हणजे हे गणित गुंतागुंतीचे होईल असे वाटते. त्याची गुरुकिल्ली सतराव्या शतकातील हॉलंडच्या हायगेन्स या शास्त्रज्ञाने दाखविली. कालव्यातून संथपणे जाणाऱ्या नावेत एक मनुष्य दोन गोल एकमेकांवर आदळवीत आहे आणि काठावरचा दुसरा मनुष्य ते पाहत आहे, अशी त्याने कल्पना केली. नावेतील माणसास जे वेग दिसतात ते काठावरच्यास दिसत नाहीत. पण टक्कर तर एकच आहे. म्हणून सोयीचे वाटेल त्या जागी बसून ती पाहावी. खेळकर्ता स्वाराच्याच खांद्यावर जाऊन बसतो. तेथून पाहता स्वार स्थिर असतो आणि मोटार दोघांच्या वेगांच्या फरकाने त्याच्याकडे येत असते. दोन हलत्या वस्तूंचा प्रश्न एका हलत्या वस्तूचा होतो.

टक्कर झाली हे कळल्यावर पुढे काय, हे ठरविताना मात्र निसर्गाचे ऋण घ्यावेच लागते. १६६८–६९ च्या सुमारास वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे टकरींचे नियम मांडले. दोन्ही वस्तूंच्या संवेगाची, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराची, दिशा धरून केलेली बेरीज टकरीपूर्वी आणि टकरीनंतर सारखीच राहते. गोट्या खेळणाऱ्या मुलांस हे ग्रंथाविना ठाऊक असते. नेम धरून मारलेली गोटी समोरच्या तेवढ्याच वजनाच्या गोटीवर नीट बसली, की मारलेली गोटी जागीच थबकते आणि समोरची तिचा वेग घेऊन निघून जाते. उसळी किती यावी, यासाठी शून्य आणि एक यांच्यामधील एक आकडा ठरवितात. ओल्या मातीच्या गोळ्यास शून्य, उत्तम रबरी चेंडूस एकाच्या जवळपास. या एका आकड्याने पडद्यावरची वस्तू मातीची की रबराची, ते ठरते.

आश्चर्य असे की, सर्वांत अवघड गोष्ट वस्तूंना आदळविणे ही नसून त्यांना स्वस्थ बसविणे ही आहे. टेबलावर ठेवलेल्या पेटीस गुरुत्वाकर्षण प्रत्येक पावलास किंचित खाली दाबते, ती टेबलात किंचित रुतते, टक्करीचा नियम तिला वर ढकलतो, आणि पेटी हिवताप आल्यासारखी थरथरू लागते. म्हणून वेग अगदी क्षुल्लक झाला, की त्या वस्तूस झोपलेली समजावे आणि कोणी धक्का देईपर्यंत तिचा विचार करू नये, असा संकेत आहे. पेट्यांची उतरंड असेल, तर खालच्या जोडीचा निवाडा करताना वरच्या जोडीचा बिघडतो. सर्व निवाडे पुन्हा पुन्हा फिरवून प्रत्येक फेरीत चूक थोडी थोडी कमी करीत जावे लागते. एरिन कॅटो याने २००७ साली सर्वांस खुली केलेली ‘बॉक्स टू-डी’ ही आज्ञावली याच रीतीने चालते, आणि २००९ साली फिनलंडमध्ये निघालेल्या ‘अँग्री बर्ड्‌स’ या खेळातील लाकडांच्या आणि दगडांच्या उतरंडी तिच्याच आधाराने कोसळतात.

येथवर येऊन विद्यार्थ्याचा स्वार उडी मारतो, खाली येतो, धडकतो, सावरतो आणि पुन्हा निघतो. सवलतीचे गुरुत्वाकर्षण, लहान केलेल्या चौकटी, झोपी घातलेल्या वस्तू, या साऱ्या तडजोडी त्याला शोभतात. कारण त्या सर्वांस सारख्या लागू आहेत आणि त्यांत कोणाच्या जिवास धोका नाही. परंतु याच चंडीगडजवळ, रामगड येथे, संरक्षण संशोधन संघटनेच्या टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरीचा ४ किलोमीटर लांबीचा एक लोहमार्ग आहे. त्यावरून अग्निबाणांच्या जोराने एक घसरगाडी अतिवेगाने धावते. अंतराळातून भारतीय प्रवाशांना परत आणण्यासाठी योजलेल्या गगनयानाच्या छत्र्या या मार्गावर तपासण्यात आल्या. त्यांपैकी यानाचा वेग आवरणाऱ्या छत्र्यांच्या चाचण्या ऑगस्ट २०२३ मध्ये झाल्या. या यानाच्या रचनेत एकूण १० छत्र्या आहेत. दोन वरचे झाकण दूर करणाऱ्या, दोन यानास स्थिर करून वेग कमी करणाऱ्या, तीन मुख्य छत्र्यांना बाहेर ओढणाऱ्या आणि तीन मुख्य.

या छत्र्यांचे गणितही संगणकावर लहान लहान पावलांनीच केले जाते. पण तेथे त्वरण आवडीप्रमाणे निवडता येत नाही, चौकट लहान करता येत नाही आणि संशयाचा फायदा कोणी देत नाही. म्हणून गणित कितीही जुळले तरी प्रत्यक्ष वेगात, प्रत्यक्ष कापडावर आणि दोरावर ते पारखून घ्यावे लागते. आपण केलेल्या नियमांची साक्ष तेथे निसर्गापुढे काढावी लागते.

आणि या दोहोंच्या मध्ये शहर उभे आहे. त्याचे नियम माणसांनी केलेले आहेत. सेक्टर, चौक, रस्त्यांचे वर्ग, सारे कागदावर आखलेले. त्या अर्थाने ते खेळासारखे आहे. परंतु त्या रस्त्यांवरून जाणारी शरीरे खरी आहेत, आणि त्यांच्यावर चालणारे गुरुत्वाकर्षण व त्यांना बसणारा धक्का कोणत्याही आज्ञावलीने सौम्य होत नाही. संध्याकाळी विद्यार्थी संगणक बंद करून आपल्या खऱ्या सायकलीवर बसेल आणि सेक्टर १७ कडे निघेल, तेव्हा पडद्यावर शंभरदा धडकून शंभरदा उठलेल्या स्वाराची त्याला आठवण होईल. त्या स्वारास पुन्हा उठण्याचा अधिकार त्यानेच लिहून दिला होता. स्वतःसाठी तसा अधिकार कोणाकडूनही मिळत नाही, हे ध्यानात ठेवून तो वर्तुळाकार चौकापाशी वेग कमी करील आणि उजवीकडून येणाऱ्या वाहनास आधी जाऊ देईल.